जेरुसलेमची माफी, जुन्नरच्या पेठेत

याकोब गुरुजींनी जेरुसलेमच्या कत्तलीबद्दल जुन्नरच्या बांगडीवाल्याची माफी मागितली, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. बायकोसाठी बांगड्या घ्यायला गेलो होतो. गुरुजी दुकानाच्या पायरीशी आले, चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाले, "हसनभाई, आमच्या लोकांनी जेरुसलेम घेतलं तेव्हा तुमच्या लोकांना फार मारलं. बायका-पोरांनाही सोडलं नाही. छातीवर क्रूस लावून मारलं. मला क्षमा करा."

हसनभाईंनी हातातला डबा खाली ठेवला. "कवा झालं ह्ये?"

"नऊशे वर्षं होऊन गेली."

"आन् मला आज सांगताय व्हय?" हसनभाई माझ्याकडं वळले. "सेक्रेटरी, तुमी तरी कळवायचं व्हतं राव!"

मग त्यांनी तिघांसाठी चहा सांगितला आणि गुरुजींचा चेहरा उजळला. आमच्याकडं बांधाचं भांडण असंच मिटतं. ज्याची चूक त्यानं समोरच्याच्या दारात जायचं, सरळ कबूल करायचं, आणि समोरच्यानं चहा पाजला की विषय संपला. गुरुजींनी ही रीत उचलली आणि थेट धर्मयुद्धांना लावली.

मी इथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा सेक्रेटरी. लोक नावापेक्षा हुद्द्यानंच हाक मारतात. याकोब गुरुजी आमच्याच मंडळीतले. सरकारी शाळेत जन्मभर इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर तो मनाला लावून घेतला. निवृत्तीनंतर माणसं द्राक्षं लावतात, गुडघे दुखतात म्हणून सांगत फिरतात. गुरुजी पांढरा सदरा घालून, एस.टी. पकडून माफी मागत फिरू लागले.

बँकेत बदलून आलेले मॅनेजर गोव्याचे आहेत हे कळल्यावर गुरुजी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या केबिनमध्ये. "साहेब, गोव्यात धर्माच्या नावानं तुमच्या माणसांचा छळ झाला. देवळं पाडली. त्याबद्दल आलोय." मॅनेजर बिचारे नवीन. त्यांनी घाबरून काँप्युटरकडं पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, आज लिंक डाऊन आहे. सोमवारी या." गुरुजी सोमवारी गेले.

पिंपरी पेंढारला कोंडाबाई म्हणून म्हातारी आहे, झाडपाल्याचं औषध देते. तिला गुरुजी म्हणाले, "कोंडाबाई, तुमच्यासारख्या औषधं देणाऱ्या बायांना तिकडं आमच्या लोकांनी चेटकीण म्हणून जाळलं."

कोंडाबाई ताडकन उठली. "कोन जाळतंय मला? मुडदा बशिवला त्याचा! नाव सांग तू फकस्त!" कोपऱ्यातला कोयता तिच्या हातात आला होता. जाळणारे कधीच मेले हे तिला पटवता पटवता गुरुजींना घाम फुटला. "मेलं न्हवं? मंग बेस झालं," म्हणून तिनं चुलीवर आधण ठेवलं. परतीची गाडी चुकली. उसातून बिबट्या येईल म्हणून गुरुजी मोठ्यानं गीतं म्हणत फाट्यापर्यंत चालत आले. बिबट्या आला नाही. गुरुजींचा आवाज ऐकलेल्या कुणालाही याचं नवल वाटलं नाही.

मी त्यांना खूप समजावलं. "गुरुजी, तुमचे आजोबा इथल्या माळावर गुरं राखत होते. ते कधी जेरुसलेमला गेले? पुण्याला तरी गेले होते का?"

"सेक्रेटरी, सातबाऱ्यावर नाव लावलं की विहिरीत वाटा मिळतो की नाही?"

"मिळतो."

"मग विहिरीत कुणी बुडून मेलं तर आपलं नाव नाही म्हणायचं का? मिशनच्या शाळा आमच्या, दवाखाने आमच्या लोकांनी काढले, हे तुम्ही प्रत्येक नाताळात माइकवरून सांगता. तेव्हा नाही म्हणत, की माझा आजोबा तिथं नव्हता. नाव लावलंय ना? मग वाटा घ्या."

 

मंडळीत अजून बोललं जातं, की गुरुजींनी घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेली. हे खोटं आहे आणि ते माझ्यामुळं पसरलं, म्हणून हे लिहितोय. दरवर्षी उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधी गुरुजी माझ्याकडं येत आणि एकच मागत: उपासनेत या सगळ्या पापांच्या कबुलीची प्रार्थना मोठ्यानं करू द्या. दरवर्षी मी नाही म्हणालो. आम्ही मूठभर घरं. आधीच लोक विचारतात, तुम्ही इथले की तिकडचे. त्यात कुणी हे मोबाइलवर घेऊन फिरवलं तर? "बघा, स्वतःच कबूल करतायत," असं म्हणायला कितीसा वेळ? माझी भीती खोटी नव्हती. पण घरात बोलायला मी जागा दिली नाही, म्हणून ते दारोदार गेले, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. लोक त्यांना हसले, तेव्हा मीही हसलो.

यंदा ते विचारायला आलेच नाहीत. मला चैन पडेना. शेवटी मीच त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको रूथबाई गेल्यापासून तिथं एकच खुर्ची बाहेर असते. मुलगी पुण्यात.

"काय काम काढलं?" गुरुजींनी दारातूनच विचारलं.

"माफी मागायला आलोय."

"असं? मग बसा, बसा." त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली, आतून स्टूल आणलं आणि हसले. "बघा, तुम्हालाही कळलं. नुसतं गेलं तर सगळे काय काम विचारतात. माफी मागायला गेलं की बसा म्हणतात."

ते हे गमतीनं म्हणाले. मी खुर्ची त्यांच्या स्टुलाजवळ ओढली.

"यंदाची प्रार्थना तुम्ही करा," मी म्हणालो. "जी करायचीय ती."

"आणि कुणी फिरवलं तर?"

"बघू."

उत्तम शुक्रवारी उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी खूण केली आणि गुरुजी बाकाला धरून उभे राहिले. माझं अर्धं लक्ष खिडकीकडं होतं. गुरुजींनी डोळे मिटले.

"हे प्रभू, हे मी एकटा कबूल करतोय. या मंडळीनं मला सांगितलेलं नाही. तुझं नाव घेऊन जेरुसलेमात माणसं कापली, ती मी कापली. तुझा क्रूस दाखवून यहुद्यांची घरं जाळली, ती मी जाळली. गोव्यात लोकांना कोठडीत घातलं, ते मी घातलं. बायांना चेटकीण म्हणून जाळलं, ते मी. याचा हिशेब माझ्याकडून घे. या बाकांवरची माणसं गरीब आहेत, घाबरलेली आहेत. त्यांना कुणी बोल लावू नये एवढं बघ."

इतकी वर्षं वाट्यावरून माझ्याशी भांडणारा हा माणूस, आणि आमची पाळी आली तेव्हा सगळंच स्वतःच्या अंगावर घेऊन मोकळा झाला. कुणी फिरवलंच असतं, तर एका म्हाताऱ्या मास्तराची कबुली फिरली असती. माझी भीती त्यांनी माझ्यापेक्षा जास्त जपली होती.

आमेन कुणी म्हणेना.  मी उठलो, गुरुजींच्या बाकापर्यंत गेलो आणि त्यांच्या शेजारी उभा राहून म्हणालो, "आणि मी." मागून आणखी दोन आवाज आले, एक पाळकीणबाईंचा, दुसरा कुणाचा ते मी वळून पाहिलं नाही. बाकीचे बसूनच राहिले. त्यांना मी दोष देत नाही. पण त्या सकाळी आमची मंडळी मला जेवढी मोठी दिसली, तेवढी कुठल्याच नाताळात दिसली नव्हती.

गुरुजींनी डोळे उघडले. मला शेजारी बघून गडबडले.

"बसा हो सेक्रेटरी," ते कुजबुजले. "कुणी बघेल."

मी त्यांचा हात धरला. "बघू द्या," म्हणालो.