चाळिसाव्याची बाटली

सत्तर वर्षांत आपण दवाखान्याची पायरी चढलो नाही, असं प्रोखोर लुकिच गावात भेटेल त्याला सांगत असे. खरं तर मागच्या हिवाळ्यात तो एकदा चढला होता. आरोग्य केंद्रातल्या बाईंनी तपासून सांगितलं, "प्रोस्टेटला सूज आहे. तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवा."

हे फक्त त्याच्या बायकोला, अन्फिसाला ठाऊक होतं. ती रोज म्हणे, "जा." तो रोज म्हणे, "गवताची कापणी झाली की जातो." कापणी झाली. तो गेला नाही. शरदात अन्फिसाच गेली.

आता गुपित त्याचं एकट्याचं राहिलं, आणि उपचारही. खिशात भोपळ्याच्या बिया. बसायला गरम मिठाची पुरचुंडी. आणि तळघरात, लोणच्यांच्या बरण्यांमागे, खरं औषध: हिवाळ्यात मधपेटीत मेलेल्या मधमाश्या, व्होदकात मुरवलेल्या. गावात या औषधाचं नाव मोठं होतं. ते घेतं कोण, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

चाळिसाव्यासाठी, म्हणजे अन्फिसाच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणासाठी, मुलगी रईसा शहरातून आली. आल्या आल्या तिची चौकशी सुरू झाली.

"बाबा, खिशात या बिया कशाला?"

"पाखरांना."

"आणि खुर्चीवर हे गरम मीठ?"

प्रोखोरने जरा विचार केला. "मांजरीला."

रईसाने मांजरीकडे पाहिलं.

चाळिसाव्याला सगळं गाव आलं. अन्फिसाच्या फोटोपुढे तिचा पेला, त्यावर काळ्या पावाची चकती. गेलेल्या माणसाच्या नावाने प्यायचं ते पेले न भिडवता, तळापर्यंत. नाही म्हणायची सोय नाही. त्यामुळे व्होदका लवकर संपली. रईसा तळघरात गेली आणि तपकिरी बाटली घेऊन वर आली. तिचे डोळे ओले होते.

"बरण्यांमागे सापडली," ती म्हणाली. "आईच्या हातची, चेरीची दारू. शेवटचीच असेल."

प्रोखोरने हातातलं धिरडं खाली ठेवलं. "रईसा, ती राहू दे."

"का, बाबा?"

त्याने तोंड उघडलं. समोर सगळं गाव बसलेलं. त्याने तोंड मिटलं.

रईसाने सगळ्यांना ओतली. तिची तिला म्हणून अन्फिसाच्या पेल्यातही चार थेंब टाकले. सगळे उठले, प्यायले आणि उभेच राहिले. चव अशी होती, जणू कुणी जुन्या बुटात डांबर उकळलं होतं. पण मेलेल्या बाईच्या दारूला नावं कोण ठेवणार?

"हीच ती," अन्फिसाची बहीण क्लावदिया डोळे पुसत म्हणाली. "मी चव ओळखली. अन्फिसाचाच हात."

तिच्या नवऱ्याने, नझारने, रिकामा पेला हुंगला आणि प्रोखोरकडे असं पाहिलं, जसं बाजारात एक चोर दुसऱ्या चोराकडे पाहतो.

दुसऱ्या फेरीला क्लावदियाचा हात वाटेतच थांबला. "यात मधमाशी आहे."

क्लावदियाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि कुजबुजली, "आत्मा आला तिचा."

सगळे पुन्हा उभे राहिले. तेवढ्यात माजी मुख्याध्यापक ग्लेब सेमेनिच खाकरले. "माझ्याही पेल्यात आहे. अर्धी."

रईसा बापाकडे वळली. बिया, मीठ, बाटली: तिचा हिशेब जुळत चालला होता. "बाबा, हे काय आहे?"

प्रोखोरला टेबलाखाली जावंसं वाटलं. त्या शांततेत नझारने त्याच्याकडे झुकून हळूच विचारलं, "मुरवतोस किती दिवस?" ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"तुला रे काय करायचंय?" क्लावदिया नवऱ्यावर उखडली.

नझार धिरड्याकडे बघत राहिला.

"अंधारात ठेवावी लागते," ग्लेब सेमेनिच म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांचा चेहरा बिटाच्या सारासारखा झाला.

प्रोखोरने फोटोकडे पाहिलं. "औषध आहे ते. प्रोस्टेटला सूज आहे मला. अन्फिसा डॉक्टरकडे जा म्हणायची. कापणी झाली की जातो, म्हणालो होतो."

"कापणी कधी झाली?" रईसाने विचारलं.

उत्तर नझारने दिलं, "ती होती तेव्हाच, पोरी."

रईसाने बाटलीला बूच लावलं. बराच वेळ ते नीट बसेना. मग ती म्हणाली, "उद्या सकाळी बाबांना घेऊन निघते." आणि कुणाकडेही न बघता, "गाडीत मागे दोन जागा आहेत."

दोन्ही भरल्या.

आतापर्यंत काय घेत होता, असं तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिघेही खिडकीबाहेर बघत होते. प्रत्येकाची तपासणी झाली, प्रत्येकाला गोळ्या मिळाल्या, आणि दारू बंद झाली. सगळी, माश्यांसकट.

घरी येऊन प्रोखोरने पावाखालचा पेला सफरचंदाच्या झाडाशी रिकामा केला. "जाऊन आलो," तो म्हणाला. "झालं समाधान?"

फाटकाशी क्लावदिया उभी होती. पदराआड लपवावी तशी शालीत एक रिकामी बाटली.

"अन्फिसाची ती चेरीची अजून आहे का रे? कालपासून माझा गुडघा हलका झालाय."

"क्लावदिया, त्यात चेरी नाही. तुला ठाऊक आहे."

"बहिणीच्या हातची चव मला तू सांगणार?"

प्रोखोर बाटली घेऊन तळघराकडे वळला.

"आणि हे बघ," क्लावदिया मागून म्हणाली, "या वेळी नीट गाळून दे."