मोहाच्या झाडावर जिभाऊ

लग्न होऊन मी शहाद्याला सासरी आले, त्याच्या पुढच्याच महिन्यात जिभाऊ पहिल्यांदा आमच्या घरी आले. दार माझ्या नवऱ्याने उघडलं. जिभाऊंनी चपला काढल्या, मोरीत जाऊन पाय धुतले, पंखा लावला, कोपऱ्यातली खुर्ची पुढे ओढली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "बठा पाव्हना, बठा. लाजू नका. आपलंच घर शे."

नवरा बसला. घर त्याच्या वडिलांनी बांधलेलं, खुर्ची आजोबांच्या वेळची. पण मुलगी पाहायला आल्यासारखा तो अंग चोरून बसला. जिभाऊंनी मला आतून पाणी आणायला सांगितलं, ते त्याच्या हातात दिलं, प्रवास कसा झाला ते विचारलं. तो बाहेरच्या खोलीतून दारापर्यंत आला होता, एवढाच त्याचा प्रवास. तरी तो म्हणाला, "बरा झाला."

जिभाऊ म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ब्राह्मणपुरीला केळी आणि कापूस. धिप्पाड देह, पांढरं धोतर, खांद्यावर पंचा, आणि अहिराणी अशी की समोर कलेक्टर असला तरी तीच. जगात जिथे म्हणून चार भिंती आणि वर छप्पर दिसेल, तिथले यजमान आपणच, अशी त्यांची जन्मजात समजूत होती. ही समजूत काढून टाकण्याचा प्रयत्न त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या मोठ्या मायने, लग्नानंतर काही वर्षं केला आणि मग सोडून दिला.

विसरवाडीला आमच्यातल्या एकाचं लग्न होतं. आम्ही मुलाकडचे. मुलीकडच्यांनी मानाने बसवावं आणि आम्ही बसावं, इतकं सोपं काम. पंगत बसली तेव्हा जिभाऊ आपल्या पानावर नव्हते. धोतर खोचून, हातात बुंदीची परात घेऊन ते वाढत होते आणि मुलीच्याच मामाला आग्रह करत होते. मुलीच्या वडिलांना वाटलं, हा आचाऱ्याचा माणूस. त्यांनी वरणात मीठ कमी पडल्याबद्दल जिभाऊंना चांगलंच झापलं. जिभाऊंनी हात जोडून माफी मागितली, आत जाऊन आचाऱ्याला झापलं आणि मीठ घेऊन आले. ओळख पटल्यावर मुलीचे वडील इतके ओशाळले की ते पाया पडायला वाकले. जिभाऊंनी त्यांना वरच्यावर धरलं आणि म्हणाले, कार्याच्या घरात असं व्हायचंच, तुम्ही आपले निवांत जेवून घ्या.

नंदुरबारला त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला भेटायला जे कोणी येईल, त्याचं स्वागत जिभाऊ पडल्या पडल्या करायचे. डॉक्टर राउंडला आले की नर्सला म्हणायचे, साहेबांना स्टूल दे, केव्हाचे उभे आहेत. डॉक्टर तरुण होते. पहिल्या दिवशी हसले, दुसऱ्या दिवशी बसले, आणि तिसऱ्या दिवशी मोठ्या मायने डब्यात आणलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन पुढच्या खाटेकडे गेले.

कारण या सगळ्या यजमानपणाचा खरा भार मोठी माय वाहायची. जिभाऊ बोलवायचे आणि ती रांधायची. बसस्टँडवर ओळख झालेला माणूस, बी-बियाण्यांचा एजंट, रस्ता चुकलेला ट्रकवाला, कोणीही दुपारी ओट्यावर हजर असायचं. मोठी माय जास्त बोलायची नाही. चुलीसमोर भाकरी थापता थापता एकदा मला म्हणाली होती, "या मानूसले सरगमा नेलं ना, तर तठे देवलेच पाट मांडी दी." म्हणताना तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती, उलट थोडा तोराच होता.

मोठी माय गेली आणि जिभाऊंचं आमच्याकडे येणं वाढलं. सकाळच्या बसने यायचे, आम्हाला बसवायचे, आमचीच विचारपूस करायचे, माझ्या ओट्यावरचा डबा उघडून मलाच लाडू द्यायचे आणि संध्याकाळच्या बसने परत. थांबा म्हटलं की म्हणायचे, घरी कोणी आलं-गेलं तर? कोणी येत नव्हतं. रांधणारं कोणी नाही हे गावाला माहीत होतं, आणि एकट्या म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून लोक ओट्यापाशी न थांबता रस्त्यावरूनच रामराम करून पुढे जायचे.

त्यांचा मुलगा प्रकाश सुरतला कापडाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मोठी माय गेल्यावर तो त्यांना घेऊन गेला होता. जिभाऊ आठवड्यात परत आले. का, ते कोणालाच सांगितलं नाही. हवा मानवली नाही म्हणाले. पुढे प्रकाशने फार वेळा बोलावलं. शेवटी त्याने एक युक्ती काढली. तोरणमाळच्या रस्त्याला, जंगलात आत, झाडांवर लाकडी घरं बांधून कोणी हॉटेल काढलं होतं. तिथे आबांना, म्हणजे जिभाऊंना, घेऊन दोन दिवस राहायचं, निवांत बोलायचं आणि कायमचं सुरतला यायला राजी करायचं. आयत्या वेळी कंपनीचं काम निघालं आणि त्याने मला फोन केला. ताई, तू जा त्यांच्याबरोबर, आणि जमलं तर तूच विषय काढ.

भादवा संपत आला होता. सातपुड्यावर हिरवं मावत नव्हतं. गाडी खालीच ठेवून पायवाटेने चढावं लागलं. दोन्ही बाजूंना साग, मध्येच पाण्याच्या चिळकांड्या, आणि एका वळणावर ती घरं दिसली. जुन्या मोहांच्या फांद्यांमध्ये बसवलेली, खालून वर जायला लाकडी जिना. जिभाऊंनी मान वर करून पाहिलं आणि विचारलं, घर खाली बांधायला जागा नव्हती का.

मॅनेजर एक तरुण मुलगी होती, नागपूरकडची, मृणाल नावाची. तिने ट्रेमधून कोकमाचं सरबत आणलं. जिभाऊंनी ट्रेच तिच्या हातातून घेतला. आधी एक पेला तिला दिला, मग मला, मग आमच्या मागून आलेल्या इंदूरच्या एका जोडप्याला. त्यांचं सामान जिन्यापाशी नेऊन ठेवलं आणि सांगितलं, "बठा, आपलंच घर शे. काही लागनं तर आवाज द्या." त्या जोडप्याला ते मालकच वाटले. संध्याकाळी गरम पाणी येत नाही म्हणून त्यांनी जिभाऊंनाच हाक मारली, आणि जिभाऊ स्वयंपाकघरातून बादली भरून घेऊन गेले.

आमच्या झाडावर एक वानर आलं आणि टेबलावरच्या परडीतली केळी उचलून कठड्यावर बसलं. मृणाल धावत आली, माफी मागू लागली. जिभाऊंनी तिला थांबवलं. माफी मागायची तर वानराची मागायला हवी, म्हणाले. झाड त्याचं, पाहुणे आपण, आणि त्याच्यापुढे ठेवलेली केळी ही अशी पावडर लावून पिकवलेली. वानराने एक केळं सोलून अर्धं टाकलं. जिभाऊंना आपलं म्हणणं सिद्ध झाल्यासारखं वाटलं.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. जिभाऊ उजाडताच इंदूरवाल्यांच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले आणि झोप लागली का, चहा पाठवू का, म्हणून विचारू लागले. थोड्या वेळाने पुन्हा तिथे गेले. नाष्टा झाला का. मग मृणाल आमच्याकडे आली. बिचारी फार संकोचली होती. म्हणाली, "आजोबा, राग मानू नका. पण इथे लोक एकांतासाठी येतात. त्यांना कोणी हाक मारलेली आवडत नाही."

जिभाऊ गोंधळले. त्यांनी तो शब्द एकदा स्वतःशी उच्चारून पाहिला.

"एकांत? त्येनासाठे इतलं लांब कसाले येवानं?" ते म्हणाले. "मन्हा घर चला म्हना. तठे ढीगभर पडेल शे."

मृणाल हसली. मीही हसले. जिभाऊ हसले नाहीत. ते गॅलरीतल्या बाकावर जाऊन बसले आणि समोरच्या दरीकडे पाहू लागले. दरीतून ढग वर सरकत होता. एक एक झाड पुसलं जात होतं.

मृणाल गेल्यावर मी त्यांच्याजवळ बसले. प्रकाशने सांगितलेला विषय काढायला याहून बरी वेळ मिळणार नव्हती. मी विचारलं, "जिभाऊ, सुरतहून का परत आलात?"

मला वाटलं, हवेचं सांगतील. पण ते बराच वेळ पंच्याचं टोक बोटाला गुंडाळत बसले. मग हळूहळू सांगू लागले. सून, स्वाती, फार चांगली. नातू चांगला. वेगळी खोली दिली, खोलीत टीव्ही दिला, चहा हातात, ताट हातात. पाण्याचा पेला घ्यायला उठले की स्वाती धावत यायची, आबा, तुम्ही बसा. प्रकाशचे मित्र आले की प्रकाश म्हणायचा, आबा, तुम्ही आत पडा, दमाल. एक दिवस घरात कोणी नसताना दाराची बेल वाजली. कुरिअरवाला होता. जिभाऊंनी त्याला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. संध्याकाळी प्रकाशने समजावलं की शहरात असं कोणालाही आत घ्यायचं नसतं. चांगल्या शब्दांत समजावलं, आवाज चढवला नाही.

"गैर काही म्हना नही तो," जिभाऊ म्हणाले. "पन माय, कोन्हाबी घर गऊ तरी माले आपलंच वाटस. मन्हा पोरना घर मातर मी पाव्हना व्हई गऊ."

इतकी वर्षं आम्ही या माणसाचे किस्से सांगून हसत होतो. मोठी माय असती तर तिने काहीतरी आंबट-तिखट बोलून त्यांना उठवलं असतं. मी नुसती त्यांच्याशेजारी बसून राहिले.

दुपारी मी फोनला रेंज मिळेल अशा वळणापर्यंत खाली उतरले आणि प्रकाशला जे ऐकलं ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो एवढंच म्हणाला की तुम्ही आणखी एक दिवस थांबा.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. जिभाऊ सुरतला गेले, पण कायमचे नाही. कापूस वेचणीला ब्राह्मणपुरीला, उन्हाळ्यात सुरतला, असं त्यांचं ठरलं. स्वातीने भाजी आणण्याचं आणि संध्याकाळच्या खिचडीचं काम त्यांच्याकडे दिलं, आणि खिचडीला ती नावंही ठेवू लागली. हे जिभाऊ आम्हाला फार खुशीत सांगायचे. सुनेने आज मीठ जास्त पडलं म्हणून भांडण केलं, असं सांगताना एखादं बक्षीस मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. काही वर्षांतच बिल्डिंगच्या फाटकाशी येणाऱ्या प्रत्येकाला तेच वर घेऊन जायचे म्हणे. गेल्या वर्षी ते गेले. आमच्या बाहेरच्या खोलीत माझा नवरा आता ऐटीत बसतो, पण मध्येच म्हणतो की या घरात आपल्याला बसा म्हणणारं कोणी उरलं नाही.

मला मात्र जिभाऊ आठवतात ते त्या मोहाच्या झाडावरचे. आमचा मुक्काम वाढला त्या दिवशी सकाळपासून पाऊस लागून होता. दुपारच्या सुमाराला जिना करकरला. मला वाटलं, मृणाल जेवण घेऊन येत असेल. वर आला तो प्रकाश. पायवाटेने छत्रीशिवाय चढून आला होता. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, शर्ट अंगाला चिकटलेला. धाप लागली होती.

जिभाऊ उठले. दारात कोणी आलं आणि ते काही बोलले नाहीत, असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

प्रकाश दारातच निथळत उभा राहिला. वाटेत बहुतेक पुष्कळ जुळवून आणलं असेल त्याने. त्यातलं काही त्याला आठवेना.

"इतला पानीमा कसाले उना?" जिभाऊ म्हणाले. आवाज चांगलाच रागावलेला होता. "वाटमा विसरवाडीले थांबना नही ना? तोंड कसं सुकी गयं."

"नाही थांबलो, आबा," प्रकाश म्हणाला. "भूक लागलीय."

"लागीच. खाले वाक."

प्रकाश वाकला. जिभाऊंनी खांद्यावरचा पंचा काढला आणि त्याचं डोकं खसाखसा पुसायला लागले. त्याची मान इकडून तिकडे हलत होती आणि तोंडाने त्याला बोलणी बसत होती. छत्रीवरून, चिखलावरून, बायकोला न सांगता निघाला असणार त्यावरून. प्रकाश डोळे मिटून उभा होता. पन्नाशीला टेकलेला माणूस, डोक्यावर निम्मे केस उरलेले. ते केव्हाच कोरडे झाले होते, तरी जिभाऊ पुसतच राहिले.