कुत्रं घेत न्हाय

“कुत्रं घेत न्हाय,” बिराप्पा म्हणाला आणि त्यानं जीपचं दार वृषालीच्या तोंडावर लावून घेतलं.

जळकोटच्या फाट्यावरून नळदुर्गला जाणारी ती काळीपिवळी. वृषालीला जन्मापासून दिसत नव्हतं, पण गाडीत काय भरलंय ते तिला बाहेरूनच कळत होतं. मागच्या बाकाखाली कोंबड्या कलकलत होत्या. मधल्या बाकावर कुणाच्या तरी मांडीवरून बकरं ओरडत होतं. नळदुर्गच्या खंडोबाची यात्रा तोंडावर आलेली, त्यामुळे गाडी नवसाच्या जनावरांनी ठासून भरली होती. त्या सगळ्या गोतावळ्यात मुकाट उभी होती ती एकटी बर्फी, वृषालीला वाट दाखवणारी कुत्री, आणि बंदी नेमकी तिलाच.

वृषालीला नळदुर्गच्या बँकेत नोकरी लागली होती. रुजू व्हायचा आजचा शेवटचा दिवस. साहेब जेवायला उठायच्या आत पोचली नाही तर नेमणूक रद्द, आणि एसटी तर थेट दुपारची. तिनं बर्फीचा पट्टा दाखवला, ओळखपत्र दाखवलं. ही शिकवलेली आहे, पायाशी गुपचूप बसते, हिच्याशिवाय मला रस्ता ओलांडता येत नाही, हे सगळं सांगून झालं. बिराप्पा म्हणाला, त्याची काही हरकत नाही, पण पॅसेंजरला चालत नाही. पॅसेंजरांपैकी एकानंही अजून तोंड उघडलं नव्हतं.

“मग बकरं कसं चालतं?”

“बकरं देवाचं हाय, ताई.”

मागच्या जीपचा शरणप्पा तिला न्यायला तयार होता. पण फाट्याचा नियम असा, की पुढच्या गाडीचा नंबर असेपर्यंत मागच्यानं माणूस उचलायचा नाही, आणि पुढची गाडी भरल्याशिवाय हलायची नाही. बिराप्पाची गाडी एका सीटसाठी अडली होती. म्हणजे हा तिला नेणार नाही, दुसऱ्याला नेऊ देणार नाही आणि स्वतःही जाणार नाही. आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना, त्यातली गत. वृषालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती दारापाशीच ठाण मांडून उभी राहिली.

मग बकऱ्याची मालकीण हरणाबाई बकरं शेजारणीच्या मांडीवर देऊन खाली उतरली.

“पोरी, हिला हळद लावलीया का?”

“नाही मावशी, रंगच पिवळा आहे तिचा.”

हरणाबाईला तेवढं पुरलं. तिनं कनवटीची पिशवी सोडली, बर्फीच्या कपाळाला भंडारा फासला आणि बिराप्पाकडं वळली. “खंडोबाचं कुत्रं आपल्या पायानं गाडीपाशी आलंय अन् तू दार लावतूस? मग काचंवर येळकोट कशापायी लिवलंय?”

बिराप्पा लगबगीनं खाली उतरला, बर्फीच्या पाया पडला, पुढची सीट खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली आणि पट्टा हातात घेऊन बर्फीला मानानं वर बसवलं. चला, एकदाचं मिटलं, असं म्हणून वृषालीनं पाय उचलला, तर बिराप्पाचा हात आडवा आला.

“गाडी भरली, ताई,” तो आदबीनं म्हणाला. “तुमी मागच्या गाडीत या. शरणप्पाचा नंबर लागलाच बघा आता.”

बर्फी जनावर होती तेव्हा बर्फीला जागा नव्हती, बर्फी देव झाली तर वृषालीला नव्हती. तिनं हलक्या आवाजात बर्फीला हाक मारली. बर्फीनं टुणकन खाली उडी घेतली आणि ती तिच्या पायाला खेटून उभी राहिली.

देवाचं कुत्रं उतरलं त्या गाडीत आता बसायचं कुणी? हरणाबाईनं बकरं परत मागून घेतलं. तिच्यामागून कोंबडीवाले उतरले. बघता बघता बिराप्पाची गाडी रिकामी झाली.

“बसा ताई,” तो काकुळतीला येऊन म्हणाला.

“कोण बसणार? मी का कुत्रं?”

“दोघीबी.”

“ती देव म्हणून यायची नाही. मी पॅसेंजर म्हणून सीटवर बसणार, ती माझ्या पायाशी. कबूल असेल तर चला.”

बिराप्पानं कबूल केलं. बर्फी वर चढली तशी उतरलेली माणसंही परत चढली आणि गाडी भरून सुटली. साहेब जेवायला उठण्याच्या बेतात असताना वृषाली बँकेत शिरली आणि एकदाची रुजू झाली.

दुसऱ्या दिवशी ती कंबर कसूनच फाट्यावर आली, पण बातमी तिच्याआधी गावभर झाली होती. चार जीपवाले तिची वाटच बघत होते. बिराप्पा म्हणे, देव आधी माझ्या गाडीपाशी आला. शरणप्पा म्हणे, मी कालच तयार होतो, आज माझा मान. उरलेले दोघं म्हणत, देवाला कसला आलाय नंबर? यात्रेकरू तर हटूनच बसले, की कुत्रं बसेल त्याच गाडीत आम्ही बसणार. मग कुणाचीच गाडी भरेना आणि एकही जीप हलेना. वृषालीनं दोनदा ओरडून सांगितलं, की तिला कामावर जायचंय. त्या कालव्यात ते ऐकायला कुणाला फुरसत नव्हती. शेवटी दुपारची एसटी आली आणि ती बर्फीला घेऊन निमूट चढली.

नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी अर्धा दिवस उशीर. साहेबांनी कारण विचारलं. वृषालीनं पायाशी बसलेल्या बर्फीकडं बोट दाखवलं.

“अरेरे,” साहेब हळहळले. “हिला कुणी गाडीत घेत नाही का?”

“हिला घ्यायला चार गाड्या भांडतायत, सर,” वृषाली म्हणाली. “मला घेणारी एक सापडली नाही.”