इंजिनाचं सोवळं

जुनी गाडी विकायची तर आधी बॉनेटच्या आतलं चमकवायचं, हा निर्णय सुदर्शनने ऑफिसच्या वेळात, ऑफिसच्या नेटवर आणि ऑफिसचाच चहा पीत घेतला. (हिंजवडीत तो दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा. त्याच्या चुका शोधायला घरी द्वारका होती.)

नवी चंदेरी गाडी दसऱ्याला यायची होती. पण कर्वेनगरच्या त्याच्या सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग, आणि तिथे जुनी गाडी ठाण मांडून बसलेली. ती गेली नाही तर नवी गाडी गेटबाहेर, झाडाखाली, कावळ्यांच्या ताब्यात. गिऱ्हाईक एकुलतं एक होतं, सदाशिव पेठेतले निवृत्त यज्ञेश्वरराव. ते खंडेनवमीला संध्याकाळी यायचे होते. फोनवरच त्यांनी बजावलं होतं, "बाहेरून सगळ्याच गाड्या बऱ्या दिसतात. मी बॉनेट उघडून बघतो."

नेटवर कोणा सद्गृहस्थाने बॉनेटखालचं प्लास्टिक नव्यासारखं करायची कृती दिली होती, अगदी अनारशांची द्यावी तशी. सुदर्शनने एअर फिल्टरचा डबा, बॅटरीचं झाकण आणि इंजिनवरचं कव्हर सोडवून घरात आणलं. भांड्यांच्या साबणाने धुतलं, पॉलिश पेपरने घासलं, प्रायमर मारला, त्यावर काळा रंग दिला. खंडेनवमीच्या सकाळी शेवटी लॅकरचा स्प्रे मारला.

"ऐक, डब्यावर काय लिहिलंय! चकाकी पाच वर्षं हलणार नाही."

"आणि बाथरूमचा नळ?" द्वारकाने मान न वळवता विचारलं.

नळाचा विषय टाळून त्याने बाल्कनी झाडली. ओल्या लॅकरवर धूळ बसू नये म्हणून फरशीही पुसली. देवघरापाशी असलेले दोन पाट आणून त्यावर कोरा कागद अंथरला आणि तिन्ही वस्तू ओळीने मांडल्या.

"द्वारका, तिकडे चप्पल घालून जायचं नाही."

"बरं."

"पोरांना जवळ फिरकू देऊ नकोस."

"बरं, बरं."

"मी आंघोळ करून येतो, मग पुढचं."

आता खंडेनवमीच्या दिवशी, पुसलेल्या जागी, पाटावर, इतक्या सोवळ्यात मांडलेलं इंजिन पाहून परभणीच्या द्वारकाने दुसरं काय समजायचं? लग्नापासून प्रथमच नवऱ्याने पूजेची तयारी आपणहून केली, म्हणून तिला भरून आलं. मिक्सर, शिलाई मशीन आणि विळी यांची एकेका बोटाच्या कुंकवावर बोळवण झाली होती. इंजिनाला मात्र तिने हात आखडता घेतला नाही. हळद, कुंकू, मूठभर अक्षता आणि वरून झेंडूच्या पाकळ्या.

सुदर्शन टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि तिथेच थिजला.

"हे काय केलंस!"

"पूजा! तुम्हीच तर मांडून ठेवलंत. मी म्हणलं, यंदा देवाने यांना बुद्धी दिली."

त्याने तिचा भुवयांचा चिमटा घेऊन अक्षता वेचायला सुरुवात केली. पहिली अक्षता निघाली, तिथे खड्डा पडला. खड्डा बुजवायला त्याने अंगठा दाबला, तर अंगठाच उमटला, रेघारेघांसकट. मग त्याने हत्यार टाकलं आणि ते सगळं तसंच नेऊन गाडीत बसवलं.

संध्याकाळी यज्ञेश्वरराव आले. त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

"हे काय?"

"पूजा. आज खंडेनवमी ना, काका."

"आम्हीही पुण्यातच राहतो." त्यांनी कुंकू रुमालाने पुसून पाहिलं, मग एक अक्षता नखाने खरवडून पाहिली. "निघत नाही."

"लॅकरचा स्प्रे आहे, पाच वर्षं हलणार नाही!" सुदर्शन अभिमानाने बोलून गेला.

"आणि हा अंगठा?"

"माझा."

"इंजिनिअर ना आपण?" त्यांनी बॉनेट लावलं.

सुदर्शनने किल्ली पुढे केली. "काका, एक चक्कर तरी मारून बघा."

"पूजेला लावलेलं हत्यार आज चालवत नाहीत. उद्या सोनं द्यायला या, मग सांगतो." जाता जाता ते थांबले. "तो स्प्रे उरलाय का? आमच्या हिच्या उंबरठ्यावरचं हळदकुंकू रोज पुसलं जातं."

उरलेला डबा सुदर्शनने आनंदाने दिला. (आशेवर असलेला माणूस काहीही देतो.)

दसऱ्याला नवी गाडी आली. ती गेटबाहेर झाडाखाली उभी राहिली आणि नारळ फुटायच्या आधीच कावळ्यांनी तिचं स्वागत केलं. संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन सुदर्शन आणि द्वारका सदाशिव पेठेत पोचले. दार उघडंच होतं. उंबरठ्यावर हळदकुंकू आणि लक्ष्मीची चिमुकली पावलं आरशासारखी चकाकत होती. सुदर्शनने चप्पल शिस्तीत बाहेर काढली, चेहरा हसरा केला आणि पाऊल टाकलं.

"ओलांडून या! ओलंय!" आतून यज्ञेश्वरराव ओरडले.

पण तोवर लक्ष्मीच्या पावलांच्या मधोमध सुदर्शनचं दहा नंबरी पाऊल टाचेसकट उमटलं होतं. द्वारकाने पदर तोंडाला लावला. यज्ञेश्वरराव वाकून बघत राहिले.

"काका," सुदर्शनने एका पायावर उभ्याने, पानं पुढे करत विचारलं, "मग... गाडीचं काय?"

"गाडी राहू द्या," यज्ञेश्वरराव सोनं घेत शांतपणे म्हणाले. "आपला पाय आता पाच वर्षं आमच्याकडे आहेच. वर अंगठा कशाला?"