हळदीकुंकवातली हार्ड डिस्क

देवणीत वैजनाथसारखा व्हिडिओवाला दुसरा नाही, असं सगळ्यांत आधी कोण म्हणेल, तर वैजनाथ! एकतीस वर्षांत अर्ध्या तालुक्याची लग्नं त्याने लावली. म्हणजे मंगलाष्टका भटजी म्हणायचे, पण "थांबा, हार पुन्हा एकदा घाला" हे सांगणारा वैजनाथच.

पूर्वी कॅसेटी होत्या. आता एचडीचा जमाना, आणि चित्रीकरणाचा सगळा माल बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर. वैजनाथकडे अशा दोन होत्या, काळ्या, अगदी जुळ्या बहिणींसारख्या. दोन्हींतल्या व्हिडिओच्या तुकड्यांना नावंही सारखीच: एक, दोन, तीन, चार.

"पप्पा, तुकड्यांना नीट नावं द्या," दसऱ्याच्या सुट्टीत लातूरहून आलेली लेक ऋतुजा म्हणाली. "आणि माल आधी कॉम्प्युटरवर घ्या."

"नावं द्यायला काय बारसं हाय का?" वैजनाथने स्वतःच्या कपाळावर टिचकी मारली. "हितं सगळं बराबर हाय!"

काम होतं शेषेराव गुरुजींचं. दसऱ्याला त्यांचं सहस्रचंद्रदर्शन, म्हणून मुलगा अमरनाथ याने वडिलांवर फिल्म करायला सांगितली होती. गुरुजींची मागणी एकच, त्यात बायको दिसली पाहिजे. त्यांच्या मुलीच्या लग्नाची कॅसेट वैजनाथनेच काढली होती, त्याची पहिली ऑर्डर. गुरुजींच्या दिवंगत पत्नी चंद्रप्रभाबाई चालत्याबोलत्या दिसतील अशी जगात तेवढी एकच जागा उरली होती.

"फोटो हायत रे," गुरुजी म्हणाले होते, "पण फोटो बोलत न्हाईत. तिचा आवाज इसरत चाललोय मी."

वैजनाथला तेव्हा भरून आलं. कॅसेट डिस्कवर उतरवून तो तीन आठवडे राबला. हललेलं, वाकडं आलेलं सगळं कापून फिल्म गुळगुळीत केली. मागे स्वतःच्या आवाजात निवेदन भरलं. खंडेनवमीच्या दुपारी काम आटोपलं. आता सगळे तुकडे जोडून फक्त शेवटची फाइल काढायची उरली, म्हणून तो आधी चौकात चहाला गेला.

परत येतो तर टेबल रिकामं!

"तारामती, माझ्या डिस्का?"

"पूजेत," बायको शांतपणे म्हणाली. "आज हत्यारांची पूजा. तुमचं हत्यार त्येच न्हवं?"

देवघरापुढे पाटावर कोयता, कॅमेरा, स्कूटीची किल्ली आणि शेजारी दोन्ही डिस्का! हळदीकुंकू लावून, अक्षता झेलून, डोक्यावर झेंडू घेऊन बसलेल्या. वरच्या नावाच्या चिठ्ठ्या हळदीच्या पाण्यात पार विरघळलेल्या.

"अगं, चालू होती ती!"

"म्हणून तर वायर काढून पुजली. आता उद्या सकाळपर्यंत हात लावायचा न्हाई, सांगून ठिवते."

एकतीस वर्षांचा अनुभव बायकोपुढे चालत नाही. दसऱ्याच्या सकाळी वैजनाथने एक डिस्क पुसली, जोडली, आणि कॉम्प्युटरचा पडदा लालेलाल झाला; वायर काढल्यामुळे फिल्मचा तुकड्यांशी संबंध तुटला होता. कॉम्प्युटर विचारू लागला, तुकडे कुठे आहेत? वैजनाथने डिस्क दाखवली. एक नंबर? आहे. दोन? आहे. लाल रंग गेला, सगळं जागच्या जागी बसलं. फाइल निघायला दीड तास लागला आणि कार्यक्रम अकराला होता.

"एकदा बघून घ्या," ऋतुजा म्हणाली.

"बघायचं काय? मीच केलंय!"

मंगल कार्यालयात अंधार झाला. वैजनाथचा भारदस्त आवाज घुमला, "गुरुजींचं बालपण कष्टात गेलं." पडद्यावर गायीला ढुशा देणारं वासरू! आणि एचडीत, केस न् केस मोजून घ्यावा असं. सकाळी जोडलेली डिस्क भलतीच निघाली; तिच्यावरच्या त्याच नंबरांच्या तुकड्यांत गावातल्या शिवप्पाने वैजनाथकडून काढून घेतलेलं जनावरांचं प्रदर्शन होतं.

"विसाव्या वर्षी ते नोकरीला लागले." खांद्यावर जू घेतलेला बैल. पोरं खिदळायला लागली. वैजनाथ बंद करायला धावला, तर पाय वायरीत अडकून आडवा झाला.

"आणि मग त्यांच्या आयुष्यात चंद्रप्रभाबाईंनी पाऊल टाकलं." अंगावर झूल, गळ्यात घुंगुरमाळ, अशी एक देवणी जातीची गाय सावकाश चालत आली.

"आरं, ही तर आमची गौरी!" मागून शिवप्पा ओरडला. "पहिलं बक्षीस हाय तिला!"

वैजनाथने वायरच उपटली. गुरुजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "वैजनाथ, ती न्हाई का दिसणार मग?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऋतुजा मात्र वासरू दिसताच स्कूटीवरून घरी पळाली होती, ती दुसरी डिस्क घेऊन परतली. वायर बसेना. भोकात अक्षतेचा दाणा! तिने केसातली पिन काढून तो उकरला. फिल्म पुन्हा काढायला वेळ नव्हता, म्हणून "पप्पांनी न कापलेलंच लावते" असं गुरुजींना सांगून तिने कॅसेटचा मूळ तुकडाच लावला.

मांडव. गडबड. वरणाची बादली घेऊन चंद्रप्रभाबाई थेट कॅमेऱ्यापुढे आल्या.

"बाळा, सकाळपासून उपाशी फिरायलास. ठिव ते मशीन खाली. जेव आधी!"

चित्र हललं आणि आडवं झालं. विशीतल्या वैजनाथने कॅमेरा चालूच बाजूला ठेवला होता. पुढची चार मिनिटं आडवा मांडव, आडवी पंगत, आणि आडव्या चंद्रप्रभाबाई त्याला आग्रह करताहेत, "घे रे, लाजतूस काय?"

गुरुजींनी मान उजवीकडे कलती केली. मग अमरनाथने. बघता बघता सगळं कार्यालय माना वाकड्या करून बसलं. वैजनाथला त्या वरणाची चव आठवली आणि रडूच फुटलं.

दिवे लागले. "हे का कापलं होतंस?" गुरुजींनी डोळे पुसत विचारलं.

"गुरुजी, वाकडं आलं होतं."

"मला बराबर दिसलं," गुरुजी मान चोळत म्हणाले. "हेच दे मला. तुझं बाकीचं राहू दे."

तीन आठवड्यांची मेहनत, तिचं झालं 'बाकीचं'! वैजनाथ गुपचूप वायरी गुंडाळू लागला, तेवढ्यात शिवप्पा जवळ येऊन हळूच म्हणाला,

"वैजनाथ, त्ये बाकीचं मला दे. लई भारी जमलंय. फकस्त मागचं बोलणं बदलू नगंस, आमच्या गौरीला शोभून दिसतंय!"