‘येतो’ नावाचं बटण

आमच्या कॉलेजच्या पोर्टलवरून बाहेर पडायचं जे बटण होतं, त्यावर ‘येतो’ असं लिहिलेलं असायचं. जगात सगळीकडे तिथं लॉगआउट असतं. पण आमचं पोर्टल मराठीत आणलं शिवराजअप्पांनी, आणि अप्पांचं म्हणणं असं की निघताना ‘जातो’ म्हणणं बरं नाही. माणसानं ‘येतो’ म्हणावं, मग ते घर असो की पोर्टल.

अप्पा म्हणजे आमच्या लातूरच्या कॉलेजातल्या संगणक विभागाचे सर्वेसर्वा. कपाळाला विभूती, खिशाला पेनड्राइव्ह. सर्व्हरच्या खोलीत चप्पल काढून जायचे. सर्व्हरला आत एसी आणि अप्पा बाहेर घाम पुसत. नेट बंद पडलं की प्राध्यापक मंडळी तावातावानं यायची. अप्पा मान वर न करता म्हणायचे, “दम धरा, ते इचार करून राहिलंय.” यंत्र विचार करतंय म्हटल्यावर प्राध्यापक मंडळी पाय न वाजवता परत फिरायची.

मी परीक्षा विभागात कारकून, त्यामुळं त्या बटणाचा प्रसाद पहिल्यांदा मला मिळाला. पोरं परीक्षेचा फॉर्म भरायची आणि शेवटी ‘येतो’ दाबायची. त्यांना वाटायचं, परीक्षेला येतो का न्हाई ते विचारलंय. लगेच भरलेला फॉर्म गायब आणि पोरगं बाहेर. चाकूरहून आलेले एक वडील माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, “आमचं लेकरू येतो येतो म्हणून राहिलंय, अन् तुमचं मशीन त्याला हाकलून राहिलंय.”

प्राचार्य मॅडमनी अप्पांना बोलावलं. अप्पांनी सगळी पोरं बसवून फॉर्म पुन्हा भरून घेतले, पण बटणाला हात लावला नाही. खाली बारीक अक्षरात ‘म्हणजे निघतो’ एवढं जोडलं. हट्टी माणूस.

निवृत्त प्राध्यापक हा त्यांचा दुसरा नाद. कॉलेजच्या मेलचा पासवर्ड विसरलो म्हणून कुणा ना कुणा निवृत्त सरांचा फोन यायचाच. काम फोनवर होण्यासारखं. पण अप्पांचं उत्तर ठरलेलं होतं, “फोनवर जमत न्हाई सर. हितं यावं लागंल.”

मग ते सर ऑटोनं यायचे. चहा व्हायचा, सोयाबीनचा भाव निघायचा, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते कळायचं. उठता उठता पासवर्डची आठवण व्हायची आणि तो जुनाच चालायचा. म्हाताऱ्या माणसांना कशाला हेलपाटे मारायला लावता, असं मी एकदा चिडून विचारलं.

“पासवर्ड कुठं इसरलेत ते,” अप्पा म्हणाले. “घरी बोलायला कोण न्हाई.”

पुढं सर्व्हर भरत आला आणि मॅडमनी हुकूम काढला की निवृत्तांची खाती बंद करा. खातं गेलं की सरांना कॉलेजात यायला निमित्तच उरणार नव्हतं. अप्पा तडक केबिनमध्ये गेले. मी तिथं सहीसाठी फाईल घेऊन उभाच होतो.

“मॅडम, हे लोक येतो म्हणून गेलेत,” अप्पा म्हणाले. “जातो म्हणून एकबी न्हाई गेला.”

मॅडमचीही निवृत्ती जवळच आलेली. ज्याचं जळतं त्याला कळतं. जागा दुसरीकडून काढा, एवढंच त्या म्हणाल्या. अप्पांनी गॅदरिंगच्या प्रमुख पाहुण्यांची जुनी भाषणं पुसली. भरपूर जागा झाली आणि कॉलेजचं काहीही नुकसान झालं नाही.

मागच्या उन्हाळ्यात अप्पाही निवृत्त झाले. निरोप समारंभात आम्ही सगळे लांबलचक बोललो. ते हात जोडून फक्त “येतो” म्हणाले. काकू आधीच गेलेल्या, मुलगी नांदेडला सासरी, घरात एकटेच.

पोर्टलचं काम घेतलेल्या नव्या कंपनीनं पहिलं काम काय केलं, तर बटणावर ‘बाहेर पडा’ लिहिलं. आता एकाही पोराचा फॉर्म पुसला जात नाही. मला मात्र ते दाबताना रोज कुणी बखोट धरून बाहेर काढल्यासारखं वाटतं.

परवा दुपारी अप्पांचा फोन आला. बराच वेळ खाकरले. हवापाण्याचं विचारलं, सर्व्हरची तबियत विचारली.

“नामदेवा,” मग हळूच म्हणाले, “माझा मेलचा पासवर्ड इसरलो बघ.”

अख्ख्या कॉलेजचे पासवर्ड तोंडपाठ असलेला माणूस.  काय बोलायचं ते त्यांनीच मला शिकवून ठेवलेलं होतं.

“फोनवर जमत न्हाई, अप्पा,” मी म्हणालो. “हितं यावं लागंल.”

 पलीकडं अप्पा खुदकन हसले.

“चहा सांगून ठेव,” ते म्हणाले. “येतो.”