फिलाडेल्फियाचा कायदा

कुठलंही काम असो, यशोधन आठल्ये सरळ खिडकीवर कधी जात नसे. आधी त्या कामातला माहीतगार माणूस गाठायचा, त्याच्याकडून आतली गोष्ट काढून घ्यायची आणि मगच पाऊल टाकायचं, हा त्याचा बाणा. पुण्यात गॅसचं कनेक्शन त्याने असंच मिळवलं होतं. न्यूझीलंडची रेसिडेन्सीसुद्धा आपण अशीच मिळवली असं तो सांगत असे. वास्तविक ती पॉइंट्स मोजून सगळ्यांना मिळते तशीच त्यालाही मिळाली होती.

ऑकलंडमधल्या एका विमा कंपनीत तो प्रोजेक्ट मॅनेजर होता, त्यामुळे ऑफिसात त्याचं कुणी ऐकत नसे. घरीही फारसं नाहीच. त्याचं साम्राज्य एवढंच, माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या घरापुढे उभी असलेली चंदेरी जपानी स्टेशन वॅगन. तिच्यात बसल्यावर मात्र आठल्यांच्या घरात कुठे जायचं, कधी निघायचं आणि कुठली लेन धरायची हे यशोधनच ठरवत असे. बायको मृदुला हिला नुकतंच रिस्ट्रिक्टेड लायसन्स मिळालं होतं. म्हणजे एकटीने गाडी चालवायची मुभा, पण रात्री दहाच्या आत, आणि शेजारी अनुभवी चालक नसेल तर सोबत कुणाला घ्यायचं नाही. अपवाद फक्त नवरा आणि पोरांचा. नवऱ्याला कायदा प्रवाशांत धरत नाही, सामानात धरतो, असं मृदुला म्हणायची. यशोधन तिला कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत दूध आणायला गाडी देई, आणि ती परत येईपर्यंत खिडकीत उभा राही.

आता मुख्य प्रसंग. पापाकुऱ्याला राजारामकाकांकडे ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी बार्बेक्यू होता. राजारामकाका म्हणजे इथल्या मराठी मंडळाचे सर्वांत जुने सभासद. त्यांच्या परसात फेजोआची चार झाडं. फेजोआ हे पेरूच्या नात्यातलं हिरवं फळ. पडायला लागलं की आवरत नाही, लोक पिशव्या भरभरून शेजाऱ्यांच्या दारात ठेवतात आणि पळून जातात. काकांना पळणं जमत नसे म्हणून ते वाइन करत. चवीला सरबत. यशोधन दोनदा नको म्हणाला, तिसऱ्यांदा काकांना वाईट वाटेल म्हणून घेतली, आणि मग काकांना वाईट वाटू नये म्हणून चार ग्लास घेतले.

निघताना मृदुलाने किल्ली मागितली. मोटरवेवर तू? असं विचारून यशोधन इतका मनापासून हसला की तिने पुन्हा मागितली नाही. दोन पोटात गेल्यावर आपलं ड्रायव्हिंग उलट सुधारतं, हेही त्याने सीटबेल्ट लावता लावता सांगून टाकलं. मागे नऊ वर्षांची अनुष्का बसली होती.

मोटरवेच्या अलीकडेच पोलिसांची बूझ बस, म्हणजे दारू प्यायलेले चालक तपासायची गाडी, उभी होती. उन्हं अजून उतरलेली नव्हती. एका तरुण पोलिसाने खिडकीतून छोटं यंत्र पुढे धरलं आणि यात फक्त नाव आणि पत्ता सांगा म्हणाला. यंत्र श्वास हुंगतं हे यशोधनला ठाऊक नव्हतं. त्याने अस्सल पुणेरी पद्धतीने पत्ता सांगितला. घर नंबर, रस्ता, रस्त्याच्या तोंडाशी असलेली डेअरी, डेअरीच्या समोरून आत येऊ नका कारण तिथे वळण अवघड आहे, त्यापेक्षा शाळेच्या बाजूने या. जसजसा तो बोलत गेला, तसतसं यंत्र खूश होत गेलं. नुसतं नाव सांगून गप्प बसला असता तरी सुटला नसताच, पण पोलीस घरी जेवायला येणार असल्यासारखा पत्ता द्यायची गरज नव्हती, हे मृदुलाचं मत पुढे बरेच महिने ऐकायला मिळालं.

बसमध्ये रीतसर चाचणी झाली आणि आकडा हद्दीच्या बऱ्यापैकी वर निघाला. कोर्टाची तारीख असलेला कागद हातात मिळाला. आज गाडी चालवायची नाही, असं बजावून पोलिसाने किल्ली मृदुलाच्या हातात दिली. तिने मोटरवेवरून गाडी सुरळीत घरी आणली. सगळी वाट यशोधन डावीकडे बसून पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होता आणि ‘मिरर, मिरर’ म्हणत होता.

घरी आल्यावर त्याने कागद वाचला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की कोर्टात ड्यूटी सॉलिसिटर असतो आणि त्याचा सल्ला फुकट मिळतो. यशोधनला ते वाचून हसू आलं. फुकट वकील कसा असणार? शिवाय तो खिडकीवरचा माणूस. आतली गोष्ट तो कशाला सांगेल? पहिल्याच गुन्ह्याला लायसन्स गेलं तर घरातली आपली उरलीसुरली सत्ताही जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर तो घाबरला होता. म्हणून त्याने थेट फिलाडेल्फियाला फोन लावला.

फिलाडेल्फियाला मृदुलाचा भाऊ क्षितिज राहत होता. क्षितिजने पाच मिनिटांत धीर दिला. त्याच्या ऑफिसातला एक जण असाच सापडला होता. तिकडे पहिल्यांदा सापडणाऱ्यासाठी डायव्हर्जन म्हणून सोय असते. खटला उभा राहण्याआधीच तुम्हाला बाजूला काढतात, दारूच्या दुष्परिणामांचा वर्ग करायला लावतात, थोडी समाजसेवा, की झालं, केस रद्द. आणि हे सगळं कुणी सांगायच्या आधीच करून टाकलंस तर जज्ज लोळण घेईल, असं क्षितिज म्हणाला. यशोधनने इंटरनेट उघडलं. अमेरिकेतल्या वकिलांनी याच विषयावर पानंच्या पानं लिहून ठेवलेली सापडली. वर राजारामकाकांनीही सांगितलं की शेजारच्या पोराने रस्त्याच्या नावाची पाटी चोरली होती, त्याला इथेच ऑकलंडमध्ये डायव्हर्जन मिळालं. मग शंकेला जागाच उरली नाही.

"पण तू त्या कागदावरच्या वकिलाला एकदा विचार ना," मृदुला म्हणाली.

"माझा प्लॅन झालाय," यशोधन म्हणाला. त्याने ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगीत तक्ता केला होता. शेवटच्या चौकोनात ‘केस रद्द’ असं हिरव्या रंगात होतं.

पहिला टप्पा, वर्ग. जवळच्या कम्युनिटी हॉलमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट जमत असे. सगळे गोल बसत, किया ओरा असा माओरी नमस्कार करून सुरुवात करत आणि एकेक जण आपली कहाणी सांगे. कहाण्या ऐकून यशोधनच्या अंगावर काटा आला. कुणाचं घर मोडलेलं, कुणाची मुलं भेटत नव्हती. त्याची पाळी आली तेव्हा त्याने खाली मान घालून सांगितलं की मी फेजोआची वाइन प्यायलो, चार ग्लास, काकांना वाईट वाटू नये म्हणून. मग शेजारच्या सामोअन बांधकामवाल्याने आपला भला मोठा हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि हळूच म्हणाला, "हीप्स ऑफ अस स्टार्टेड स्मॉल, ब्रो."

दुसरा टप्पा, समाजसेवा. दर रविवारी देवळात महाप्रसादानंतरची पातेली घासायला यशोधन जाऊ लागला. घरी त्याने चहाचा कपही कधी विसळलेला नव्हता, त्यामुळे देवळातल्या बायका अचंब्यात पडल्या आणि भाऊजींनी कसला नवस केलाय म्हणून मृदुलाला विचारू लागल्या. तिने बराच काळ विषय टाळला. पण अनुष्काने शाळेत सकाळच्या बातम्यांच्या तासाला उभं राहून सांगितलं होतं, "माय डॅड गॉट टु गो इनसाइड द बूझ बस." त्या वर्गात मंडळातल्या तिघांची मुलं होती. संध्याकाळपर्यंत रॉस्किलपासून पापाकुऱ्यापर्यंत सगळ्यांना कळलं.

यशोधनला वाटलं आता तोंड दाखवायला जागा नाही. झालं उलटंच. अमुक माणूस चुकला आणि स्वतःहून पातेली घासतोय, हे मंडळाला फार भावलं. दिवाळीच्या कार्यक्रमात व्यसनमुक्तीवर दोन शब्द बोलाल का, अशी विनंती आली. क्षितिज म्हणाला, बोल, हे तर सोन्याहून पिवळं, जज्जला सांगता येईल. यशोधन बोलला. चांगला बोलला. बोलता बोलता चार ग्लासांचे किती झाले ते त्याच्याही लक्षात आलं नाही. पुढच्या रांगेतल्या एक आजी डोळे पुसत होत्या. अध्यक्षस्थानी राजारामकाका होते. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं, समारोप केला, आणि मंडळाच्या वतीने वक्त्याला गुलाबाचं फूल आणि घरच्या वाइनची एक बाटली देऊन सत्कार केला.

कोर्टाचा दिवस उजाडला. यशोधनने सूट घातला, गाडी स्वतः चालवत नेली आणि कोर्टाच्या जवळ लावली. मृदुलाने रजा घेतली होती. राजारामकाका जाकीट घालून पापाकुऱ्याहून ट्रेनने आले होते. आपण आधार द्यायला आलो आहोत असं ते दारातल्या शिपायालाही सांगून आले.

आता तक्त्यातला शेवटचा टप्पा उरला होता. डायव्हर्जनचा अर्ज कुणीतरी पुढे करायला हवा, आणि क्षितिज फिलाडेल्फियाहून तो करू शकत नव्हता. नाइलाजाने यशोधन ड्यूटी सॉलिसिटरपुढे जाऊन बसला. पन्नाशीची बाई, सुटाखाली पळायचे बूट, हातात फायलींचा गठ्ठा.

"डायव्हर्जन?" ती म्हणाली. "दारू पिऊन गाडी चालवल्यावर? ते इथे मिळत नाही."

मिळतं, असं यशोधनने तिला समजावून सांगितलं आणि छापून आणलेली पानं पुढे ठेवली. तिने वरची ओळ वाचली.

"हे पेन्सिल्व्हेनियाचं आहे."

"तत्त्व तेच आहे."

"तुम्हाला हे सांगितलं कुणी?"

"माझ्या मेव्हण्याने."

"ते वकील आहेत?"

यशोधनने एक क्षण विचार केला. "डेटाबेस सांभाळतो," तो म्हणाला.

बाई हसली नाही, हे तिचे उपकार. तिने शांतपणे सांगितलं की पोलीस इथे डायव्हर्जन देतात ते किरकोळ गोष्टींना, पाटी चोरणाऱ्या पोराला वगैरे. या गुन्ह्याला किमान सहा महिने लायसन्स जातंच, मागच्या दाराने काही होत नाही. महिन्याभरापूर्वी एक फोन केला असता तरी पाच मिनिटांत कळलं असतं. तुम्ही केलेलं वाया जाणार नाही, दंड थोडा कमी व्हायला उपयोग होईल, मी सांगते जज्जना. मृदुला भिंतीवरच्या आग विझवायच्या सूचना वाचत होती. तिने त्या दोनदा वाचल्या.

यशोधनने गुन्हा कबूल केला. बाईने त्याची बाजू फार छान मांडली. मंगळवारचा वर्ग, देवळातली पातेली, व्यसनमुक्तीचं भाषण. ऐकता ऐकता यशोधनलाच स्वतःबद्दल आदर वाटू लागला. जज्जनी चष्म्यावरून पाहिलं आणि आरोपीच्या घरचं किंवा समाजातलं कुणी आलंय का, असं विचारलं.

मृदुलाने जाकीट धरून थांबवायच्या आत राजारामकाका उभे राहिले.

"युअर ऑनर, आय गिव्ह गॅरंटी. ही इज नॉट अ ड्रिंकर. ही सेड नो टू टाइम्स. आय ओन्ली फोर्स्ड हिम."

"आणि आपण?" जज्जनी विचारलं.

"आय अ‍ॅम द मेकर," काका अभिमानाने म्हणाले. मग फेजोआ किती दिवस भिजवायचा आणि साखर कधी घालायची हे त्यांनी थोडक्यात सांगितलं. यशोधनने डोळे मिटून घेतले. जज्जनी त्यांना शेवटपर्यंत बोलू दिलं. पुढच्या वेळी एक बाटली घेऊन येईन, असं काका म्हणाले तेव्हा, पुढची वेळ येणार नाही अशी मला आशा आहे, असं म्हणून जज्जनी निकाल सांगितला. सहा महिने लायसन्स रद्द, आत्तापासून. वर थोडा दंड.

आत्तापासून म्हणजे आत्तापासून. बाहेर लावलेली गाडी मृदुलाने घरी नेली. काकांना कायदा सामानात धरत नव्हता म्हणून ते ट्रेनने गेले.

पुढचे सहा महिने यशोधन बसने ऑफिसला गेला. सुरुवातीला त्याला फार लाज वाटायची, शेजारी दिसला की तो व्यायामाचं कारण सांगे. शनिवार-रविवारी मृदुला गाडी चालवत असे. पहिल्या महिन्यात तो ‘मिरर’ म्हणायचा. दुसऱ्या महिन्यात तिने एकदा गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि समोर बघत बसली. त्यानंतर तो म्हणेनासा झाला. बाहेर बघायला लागला. रस्ता समुद्राच्या एवढ्या जवळून जातो हे त्याला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. पुढे पुढे तर गाडी सुरू झाली की त्याला छान झोप लागू लागली. दरम्यान मृदुलाने परीक्षा देऊन पूर्ण लायसन्सही मिळवलं.

मुदत संपली त्या दिवशी यशोधन कुणालाही फोन न करता सरळ खिडकीवर गेला, रांगेत उभा राहिला आणि लायसन्स परत घेऊन आला. पुढच्या रविवारी सगळी मुरिवाईच्या किनाऱ्यावर निघाली. जँडल्स म्हणजे रबरी चपला, टॉग्ज म्हणजे पोहायचे कपडे, डबे, सगळं गाडीत भरून झालं. यशोधनने लायसन्स पाकिटातून काढून मृदुलाला दाखवलं आणि हात पुढे केला. तिने किल्ली त्याच्या तळव्यावर ठेवली.

मागून अनुष्काने मान पुढे काढली. "बाबा, कॅन आई ड्राइव्ह? विथ हर वुई ऑलवेज गेट देअर, अँड नोबडी शाउट्स."

यशोधन किल्ली हातात धरून उभा राहिला. याच किल्लीसाठी त्याने महिनाभर पातेली घासली होती. आता खूप राग यायला हवा होता. तो यायची त्याने थोडी वाटही पाहिली. पण मुरिवाई चांगली तासाभराची वाट होती, दुपारचं जेवण जड झालं होतं, आणि डोळे मिटायला लागले होते.

त्याने किल्ली मृदुलाला परत दिली, डावीकडे जाऊन बसला आणि सीट मागे केली.

"पोहोचलो की उठव," तो म्हणाला.